क्रोममध्ये डाउनलोड होतं, मग फायरफॉक्स आणि आयफोनवर का होत नाही?

उत्तराआधी तुमची अडचण थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. पतसंस्थेचं पोर्टल आहे, पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत) लिहिलेलं. सभासद लॉगिन करून पावती पीडीएफमध्ये आणि वर्षाचा उतारा एक्सेलमध्ये घेतात. क्रोममध्ये सगळं सुरळीत. फायरफॉक्समध्ये फाइलचं नाव अर्धवट येतं आणि उघडायला गेलं की 'कशात उघडू?' असं विंडोज विचारतं. आयफोनवर कधी फाइल मिळते, कधी नुसतं कोरं पान. एक्सेलची फाइल काहींकडे 'खराब आहे, दुरुस्त करू का?' असं म्हणते. म्हणून ऑफिसने सूचना लावली आहे की डाउनलोडसाठी क्रोमच वापरावा.

ती सूचना आधी काढायला लावा. क्रोममध्ये फाइल येते याचा अर्थ तुमचा सर्व्हर बरोबर उत्तर देतोय असा होत नाही. अपुऱ्या उत्तरातून क्रोमने अंदाज बांधून काम भागवलं, इतकंच त्यातून कळतं. प्रत्येक ब्राउझरचे अंदाज वेगळे असतात आणि ते आवृत्तीगणिक बदलतात. आयफोनवर तर ही सूचना कुचकामीच आहे. युरोपीय संघ आणि जपानसारखे अपवाद सोडले तर तिथला क्रोम काय, फायरफॉक्स काय, पान दाखवायला आतून सगळे सफारीचंच वेबकिट इंजिन वापरतात. सभासदाने आयफोनवर क्रोम टाकून घेतला तरी कोरं पान कोरंच राहणार.

तुमच्या वर्णनावरून मला एक नाही, निदान तीन वेगळी दुखणी दिसतात. म्हणून एकच औषध शोधू नका.

आधी पाहायचं ते हे की फाइल नक्की कुठे अडते. बटण दाबल्यावर विनंती सर्व्हरपर्यंत जातच नाही, की जाते पण उत्तर वेगळंच येतं, की उत्तर बरोबर येऊन ते डिस्कवर उतरवताना घोळ होतो? एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबवर जा, लॉग टिकवून ठेवायच्या पर्यायावर खूण करा आणि मग बटण दाबा. फाइल नव्या टॅबमध्ये उघडत असेल तर जुन्या टॅबच्या टूल्समध्ये काहीच दिसणार नाही. त्यासाठी क्रोमच्या टूल्सच्या सेटिंगमध्ये नव्या खिडकीसोबत टूल्स आपोआप उघडायची सोय आहे, ती चालू करा. सर्व्हरचा ॲक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंदवहीही शेजारी उघडी ठेवा. त्यात ओळ उमटली नाही तर दोष पानावरच्या स्क्रिप्टचा किंवा ब्राउझरच्या अडवणुकीचा. ओळ उमटली तर पुढचं वाचा.

एक सावधगिरी. हेडर म्हणजे सर्व्हर फाइलच्या आधी तिच्याविषयी पाठवतो त्या सूचना. ते तपासायला बरेच जण कर्ल या कमांडने 'हेड' पद्धतीची, म्हणजे फाइल न मागता फक्त हेडर मागणारी विनंती पाठवतात. पीएचपीतल्या स्क्रिप्टा हेड आणि फाइल मागणारी नेहमीची 'गेट' विनंती यांना एकच उत्तर देतील याची खात्री नसते. गेटच करा, मजकूर फाइलमध्ये साठवा आणि हेडर वेगळे पाहा. लॉगिनची कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली ओळखीची खूणही सोबत द्यायला विसरू नका, नाहीतर तुम्ही लॉगिन पानाचेच हेडर तपासत बसाल.

आता नावाचं प्रकरण. तुमच्या फायरफॉक्सच्या तक्रारीचं मूळ इथेच आहे याची मला जवळजवळ खात्री आहे. फाइल 'जतन करण्यासाठी' आहे आणि तिचं नाव अमुक आहे, हे सर्व्हर कंटेंट-डिस्पोझिशन या हेडरमधून सांगतो. नावात मोकळी जागा असेल तर नाव दुहेरी अवतरणचिन्हांत हवं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये बहुधा ती नाहीत. मग 'पावती मार्च २०२४.पीडीएफ' या नावातलं पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचंच फायरफॉक्स घेतो आणि फाइल साठवली जाते नुसती 'पावती' म्हणून. विस्तार गळून पडला, त्यामुळे विंडोजला कळेना ती कशात उघडायची. फाइल आतून धडधाकट असते. एका सभासदाला तिच्या नावापुढे टिंब देऊन पीडीएफ हा विस्तार इंग्रजीत जोडायला सांगा. उघडली तर निदान पक्कं. क्रोम ओळीच्या शेवटापर्यंतचं सगळं नाव मानतो, म्हणून तिथे कोणाला काही जाणवलं नाही.

याच्या उलटही घडतं. नावात स्वल्पविराम असला, म्हणजे पद्धत 'आडनाव, नाव' अशी असली आणि अवतरणचिन्हं नसली, तर क्रोमला तो एकापाठोपाठ आलेला दुसरा कंटेंट-डिस्पोझिशन वाटू शकतो. मग सर्व्हरने एकच हेडर दोनदा पाठवल्याची चूक दाखवून तो पानच नाकारतो, आणि फायरफॉक्स मात्र निमूट फाइल देतो. दोन्ही तक्रारी एकाच दिवशी आल्या की लोक म्हणतात ब्राउझर भांडताहेत. अवतरणचिन्हं घातली की दोन्ही मिटतात.

मराठी नावाचा प्रश्न त्याहून थोडा खोल आहे. एचटीटीपीचे हेडर मुळात इंग्रजी अक्षरांपुरते बेतलेले. तुम्ही नाव जसंच्या तसं यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत ढकललं तर आजचे बहुतेक ब्राउझर ते ओळखतात, पण तेही अंदाजानेच. मधला एखादा प्रॉक्सी (वाटेतला मध्यस्थ सर्व्हर) किंवा जुनं ॲप ते बाइट युरोपीय अक्षरं म्हणून वाचतं आणि नावाच्या जागी टोप्या घातलेल्या इंग्रजी 'ए'ची रांग उमटते. यावरचा ठराविक मार्ग २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात दिलेला आहे: एकाच हेडरमध्ये नाव दोनदा द्यायचं. आधी साधं 'फाइलनेम', अवतरणचिन्हांत, निव्वळ इंग्रजी अक्षरांत. त्यामागून तारांकित, म्हणजे शेवटी तारकाचिन्ह असलेलं 'फाइलनेम', त्यात यूटीएफ-८ असा उल्लेख, दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि मग टक्क्याच्या चिन्हांनी सांकेतिक केलेलं मराठी नाव. ज्याला तारांकित कळतं तो मराठी नाव घेतो, ज्याला कळत नाही तो इंग्रजीवर भागवतो. दोघांचीही फाइल उघडते.

हे करताना पीएचपीतलं साधं यूआरएल-एन्कोड वापरू नका. ते मोकळ्या जागेचं अधिकचिन्ह करतं आणि सभासदाला 'पावती+मार्च' मिळतं. 'रॉ' उपसर्ग असलेलं फंक्शन घ्या. जावास्क्रिप्टच्या बाजूने करत असाल तर तिथलं नेहमीचं फंक्शन एकेरी अवतरणचिन्ह, कंस आणि तारा तसेच सोडतं. ते हाताने सांकेतिक करावे लागतात. डेटाबेसमधून आलेल्या नावाच्या शेवटी ओळ तोडणारं अदृश्य चिन्ह असेल तर पीएचपी तो हेडर पाठवायलाच नकार देतं. म्हणून नाव आधी दोन्ही टोकांनी छाटून घ्या.

लांबीचंही भान ठेवा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. 'पावती' हा शब्द दिसतो तीन अक्षरांचा, पण काना आणि वेलांटी धरून चिन्हं होतात ५, बाइट १५, आणि टक्क्यांच्या लिपीत ४५ अक्षरं. लिनक्सवर, म्हणून अँड्रॉइडवरही, फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट असते. म्हणजे मराठीत फक्त ८५ चिन्हं. 'सभासदाचे संपूर्ण नाव, खाते क्रमांक, आर्थिक वर्ष, शाखा' असं सगळं नावात कोंबलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. विंडोज मात्र बाइट न मोजता चिन्हं मोजतं, त्यामुळे ऑफिसमधल्या संगणकावर तीच फाइल मजेत उतरते. नाव आटोपशीर ठेवा. खातं आणि वर्ष पुरे.

एक्सेलच्या 'खराब' फाइलचा ब्राउझरशी संबंध बहुधा नाहीच. ती खराब होऊनच निघते, फक्त उघडणारा प्रोग्राम किती सोशिक आहे यावर ते दिसणं-न दिसणं अवलंबून असतं. इथे मराठी साइटींवर वारंवार भेटणारा एक दोष सांगतो. पीएचपीच्या फाइलमध्ये मराठी मजकूर लिहायचा म्हणून कोणीतरी ती जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून साठवतं. तो नोटपॅड फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालतो, ज्याला बॉम म्हणतात. ही फाइल, समजा संस्थेचं नाव-पत्ता असलेली कॉन्फिगची, तुमची डाउनलोड स्क्रिप्ट आत ओढते. आउटपुट बफरिंग (बाहेर जाणारा मजकूर आधी स्मृतीत साठवून ठेवणं) चालू असेल तर पीएचपी कसलीही तक्रार करत नाही आणि ते तीन बाइट एक्सेल फाइलच्या पुढे चिकटून बाहेर पडतात. स्क्रिप्टने लांबी सांगणाऱ्या कंटेंट-लेंग्थ या हेडरमध्ये मात्र मूळ फाइलची लांबी सांगितलेली. तेवढे बाइट झाले की हिशेब संपतो आणि शेपटीचे शेवटचे तीन बाइट तुटतात.

आता एक्सेलची आजची फाइल आतून झिप असते, आणि झिपची अनुक्रमणिका असते अगदी शेवटी. सगळा मजकूर तीन घरं पुढे सरकलेला आणि शेपूट तुटलेलं, म्हणून एक्सेल दुरुस्तीचं विचारतं. पीडीएफलाही हाच मार लागलेला असतो. पण पीडीएफ वाचणारे प्रोग्राम सुरुवातीचा थोडा कचरा चालवून घेतात आणि तुटलेली अनुक्रमणिका स्वतः पुन्हा बांधतात. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी यांचे पीडीएफ दाखवणारे भाग वेगवेगळे आहेत, त्यामुळे एकीकडे पावती दिसते, दुसरीकडे नाही, आणि बोट ब्राउझरकडे जातं.

तपासायला सोपं आहे. सर्व्हरवरची मूळ फाइल आणि डाउनलोड झालेली फाइल दोन्ही हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला प्रत्येक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. मूळ फाइल 'पी' आणि 'के' या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. डाउनलोड झालेलीत त्यांच्या आधी तीन अनोळखी बाइट दिसले की चोर सापडला. उपाय: आत ओढल्या जाणाऱ्या प्रत्येक पीएचपी फाइलमधला बॉम काढा, फाइल पाठवण्याआधी आउटपुट बफर रिकामा करा आणि फाइल पाठवून झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबवा. शेवटचं पुष्कळ जण विसरतात आणि पानाचा तळाचा भाग (फूटर) फाइलच्या मागे जोडला जातो.

हेक्स एडिटर नसेल तर ज्या सभासदाची फाइल उघडत नाही त्याच्याकडून ती मागवून घ्या आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडा. पावती असेल तर पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ अशी अक्षरं हवीत. त्याऐवजी एचटीएमएलचा मजकूर दिसला, तर त्या बिचाऱ्याला पावतीच्या नावाने तुमचं लॉगिन पान मिळालेलं आहे. आकारही पाहा. शंभर पानांचा उतारा काही किलोबाइटचा कसा असेल?

लॉगिन पान मिळण्यामागची कारणं ठरलेली आहेत. पोर्टल दुसऱ्याच डोमेनच्या पानात आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या पानाच्या चौकटीत बसवलेलं असेल तर सफारी कुकी पाठवतच नाही. मार्च २०२० मध्ये आलेल्या १३.१ आवृत्तीपासून त्याने तिऱ्हाईत साइटींच्या कुकी सरसकट बंद केल्या. तुमचं पोर्टल मुख्य साइटच्या पानात असं बसवलं असेल तर ते स्वतंत्र टॅबमध्ये उघडू द्या किंवा त्याच डोमेनच्या उपडोमेनवर आणा. आयफ्रेमवर सँडबॉक्स (आतल्या पानावरचे निर्बंध) लावला असेल तर त्यात डाउनलोडची परवानगी स्पष्ट लिहावी लागते. क्रोमने ८३ आवृत्तीपासून ती सक्तीची केली आहे.

आपल्याकडे दुसरं कारण म्हणजे इंटरनेट डाउनलोड मॅनेजर हा डाउनलोड वेगाने करून देणारा प्रोग्राम. तो इतक्या संगणकांवर असतो की मी तक्रार आली की हे आधी विचारतो. त्याचं एक्स्टेन्शन डाउनलोड मधल्यामध्ये पकडतं आणि फाइल स्वतः पुन्हा मागतं. नेटवर्क टॅबमध्ये २०४ हा आकडा आणि त्याशेजारी 'इंटरसेप्टेड' असा उल्लेख दिसला की समजावं हाच. तुमची लिंक एकदाच वापरता येणारी असेल तर पहिल्या विनंतीतच ती संपते आणि दुसरीला 'मुदत संपली'चं पान मिळतं. सभासदाला तो काढायला सांगण्यापेक्षा तुमची लिंक पाच-दहा मिनिटं चालेल अशी करा. सुरक्षितता तेवढ्याने कमी होत नाही, कारण कुकी तर तपासलीच जाते. एक्स्टेन्शनचा संशय असेल तर इनकॉग्निटोत तपासायचा मोह होतो, पण तिथे लॉगिनची कुकीही नसते, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये नवं प्रोफाइल काढून तिथे लॉगिन करा.

समाजमाध्यमांच्या ॲपमधून लिंक उघडणाऱ्यांचंही असंच. ॲपच्या आतला ब्राउझर म्हणजे अँड्रॉइडचा वेबव्ह्यू, आणि डाउनलोडचं काय करायचं हे त्याला ॲप बनवणाऱ्याने सांगावं लागतं. सांगितलं नसेल तर बटण दाबूनही काहीच होत नाही. अर्धवट सांगितलं असेल तर तो फाइलचा पत्ता फोनच्या डाउनलोड व्यवस्थेकडे देतो, कुकी मात्र मागेच राहते. अशा सभासदांसाठी पानावर 'ब्राउझरमध्ये उघडा' असा ठळक दुवा पुरे.

आयफोनवरच्या कोऱ्या पानाकडे वळतो. तुम्ही लिहिलंय की पावतीचं बटण जावास्क्रिप्टवर चालतं. म्हणजे बहुधा स्क्रिप्ट आधी पीडीएफ मागवते, ती ब्लॉब म्हणून, म्हणजे बाइटचा एक गठ्ठा म्हणून ब्राउझरच्या स्मृतीत ठेवते, तिचा तात्पुरता पत्ता बनवते, नवा टॅब उघडून त्यात तो देते आणि लगेच पत्ता रद्द करते. सफारीला हे दोन ठिकाणी खटकतं. बोट टेकवण्याच्या क्षणीच टॅब उघडला तर ठीक. उत्तराची वाट पाहून मग उघडायला गेलात तर तो पॉप-अप समजून अडवला जातो. आणि पत्ता फार लवकर रद्द केला तर सफारीने मजकूर उचलायच्या आतच तो नाहीसा झालेला असतो. मॅकवरच्या सफारीत अशा वेळी वेबकिट-ब्लॉब-रिसोर्स नावाची चूक दिसते, फोनवर कोरं पान. नेट वेगवान असेल आणि फाइल छोटी असेल तर कधीकधी जमतंही, म्हणून 'कधी मिळते, कधी नाही'. घाईत दुरुस्ती हवी तर पत्ता रद्द करणं निदान अर्धा मिनिट पुढे ढकला.

खरी दुरुस्ती मात्र वेगळी आहे: ब्लॉबच काढून टाका. पावतीचं बटण म्हणजे सर्व्हरवरच्या स्क्रिप्टकडे जाणारी साधी लिंक असू द्या, आणि 'जतन कर' हे कंटेंट-डिस्पोझिशनने सांगा. आयफोनच्या सफारीला २०१९ च्या आयओएस १३ पासून स्वतःची डाउनलोड व्यवस्था आहे, ती अशा लिंकला व्यवस्थित हाताळते. फाइल्स ॲपमध्ये पावती दिसते. लॉगिन कुकीऐवजी टोकनवर (स्क्रिप्ट प्रत्येक विनंतीसोबत स्वतः जोडते त्या ओळखीच्या मजकुरावर) असेल तर आधी सर्व्हरकडून थोडा वेळ टिकणारी सही केलेली लिंक मागा आणि तिच्याकडे पाठवा. लिंकवर लावायचा 'डाउनलोड' हा गुणधर्म पुरेल अशी आशा ठेवू नका. फाइल दुसऱ्या डोमेनवर असेल, उदाहरणार्थ क्लाउडच्या साठ्यात, तर क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही तो मानत नाहीत.

तुम्ही उल्लेख केला नाहीत, पण साइट जुनी असल्याने हेही पाहा. पान एचटीटीपीएसवर आणि फाइलची लिंक अजून साध्या एचटीटीपीवर, असं कुठे राहिलंय का? प्रमाणपत्र बसवताना डेटाबेसमधले पूर्ण पत्ते बदलायचे राहून जातात. अशा फाइली क्रोमने २०२० पासून टप्प्याटप्प्याने अडवायला घेतल्या आणि फायरफॉक्सने ऑक्टोबर २०२१ च्या ९३ आवृत्तीपासून. लिंक कॉपी करून नव्या टॅबच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवल्यावर फाइल येते आणि पानावरून येत नाही, ही त्याची ओळख. डेटाबेसमध्ये पत्ते बदला, ब्राउझरच्या सेटिंगला हात लावू नका.

आणखी एक, खास आपल्या लिपीतलं. 'शेतकऱ्यांची यादी' किंवा 'कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक' अशा नावाच्या फाइली सापडतच नाहीत, ४०४ येतो, बाकीच्या मराठी नावांच्या मात्र येतात, असं कधी झालं तर 'ऱ' पाहा. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध 'ऱ' म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता असा दोन चिन्हांत. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलपद्धत नावं फोडून साठवत असे. अशा मॅकवरून फाइल चढवली की लिनक्सवर फोडलेला 'ऱ' पोचतो, आणि डेटाबेसमधल्या लिंकमध्ये असतो एकसंध. डोळ्यांना दोन्ही सारखे, लिनक्सला दोन वेगळी नावं. फाइल स्वीकारतानाच नाव एनएफसी, म्हणजे युनिकोडच्या एकसंध रूपात आणा, पीएचपीच्या इंटल विस्तारात त्यासाठी नॉर्मलायझर आहे. त्याहून बरं म्हणजे डिस्कवर फाइल नुसत्या क्रमांकाने ठेवा आणि मराठी नाव फक्त हेडरमधून द्या.

कामाचा क्रम विचाराल तर नावाचा हेडर आजच दुरुस्त करा, ते दहा ओळींचं काम आहे आणि फायरफॉक्सची तक्रार तिथेच संपेल. मग बॉम. ब्लॉब काढायला पानाची स्क्रिप्ट बदलावी लागेल, त्याला एखादा दिवस द्या. यानंतरही कोणाची फाइल अडली तर मला तीन गोष्टी पाठवा: सर्व्हरने दिलेले हेडर जसेच्या तसे, अडलेल्या फाइलची नोटपॅडमध्ये दिसणारी पहिली ओळ, आणि मूळ फाइल व मिळालेली फाइल यांचा बाइटमधला आकार. हेडर पाठवताना कुकीची ओळ आणि सभासदाचं नाव आठवणीने झाका.